दहाच्या आत

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो उठला, तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. बायको बालवाडीत शिकवायला जाई आणि तिला सात वाजता घर सोडावे लागे. त्यामुळे पहिला चहा तिचा, दुसरा आईचा आणि तिसरा त्याचा, हा क्रम गेली नऊ वर्षे ठरून गेलेला होता. न्हाणीघर एकच होते. सहा पंचवीसला तो आत गेला, सहा सदतीसला बाहेर आला. दारात टॉवेल खांद्यावर टाकून मुलगी उभीच होती.

"बाबा, आज एक मिनिट जास्त."

ती चौथीत होती. नुकतेच तिला मनगटी घड्याळ मिळाले होते आणि तेव्हापासून घरात कुणाचीच सुटका नव्हती.

आई खिडकीपाशी बसून वर्तमानपत्रातले मथळे मोठ्याने वाचत होती. ऐकणारे कुणी नसले तरी तिचे वाचन चालत असे. त्याने बूट पुसले, पावाच्या दोन कापांत उकडलेले अंडे घालून डबा भरला, मुलीच्या वहीवर सही केली, आणि पावणेआठला तो जिना उतरला. आठ पाचची बस आठ सातला आली. खिडकीजवळची जागा मिळाली. दिवसाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. एकंदर आयुष्याबद्दलही फारशी नव्हती.

तो ज्या कंपनीत काम करी, तिची चष्म्यांची एकोणीस दुकाने शहरभर पसरलेली होती. कंपनीच्या भाषेत त्या शाखा. शाखेत डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम पसंत करून घ्यायची. काचा मात्र सगळ्यांच्या एकाच ठिकाणी, मुख्य कचेरीच्या तळमजल्यावरच्या कारखान्यात घासल्या जात. ऑर्डर संगणकावरून येई. सकाळी दहाच्या आत आलेल्या ऑर्डरींच्या काचा त्याच दिवशी तयार होत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने शाखेत पोचत. दहा वाजून एक मिनिटाने आलेली ऑर्डर एक दिवस मागे पडे. ही वेळ कारखान्याच्या फोरमनने ठरवली होती, आणि फोरमनशी वाद घालायला मालकसुद्धा धजत नसत.

या एकोणीस शाखांना मुख्य कचेरीशी जोडणारे जाळे सांभाळणे हे त्याचे काम होते. सगळे त्याला तारमास्तर म्हणत. तारेचा जमाना केव्हाच संपला होता आणि त्याच्या हाताखालच्या बऱ्याच तारा आता ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे काचेच्याच होत्या. "खाली आम्ही काच घासतो, वर तुम्ही काच ओढता," असे फोरमन म्हणे, "आणि मध्ये हिशेबवाले बसलेत दोघांकडं भिंगातून बघत."

तीन महिन्यांपूर्वी ऑर्डरींसाठी नवा प्रोग्रॅम आला होता, आणि तेव्हापासून सकाळी नऊ ते दहा या तासात सगळ्या शाखांचे काम रेंगाळू लागले होते. दहानंतर सगळे आपोआप सुरळीत होई. मास्तरने लाइन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला तीन वेळा बोलावले होते. एक यंत्र बदलले होते, तीन शाखांत नवी केबल ओढली होती. जाहिरात विभागातल्या दोघी सकाळी संगणकावर गाणी ऐकतात, म्हणून त्याने गाणी बंद केली होती. गाणी बंद झाली, गर्दी तशीच राहिली, आणि त्या दोघींनी त्याच्याशी बोलणे तेवढे बंद केले.

अकरा वाजता मॅडमनी त्याला बोलावले. शाखांचा सगळा कारभार त्या पाहत. वयाने त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, कामाला चोख, आणि बोलायला सरळ.

"बसा, मास्तर. पुलापलीकडची शाखा." त्यांनी एक तक्ता पुढे सरकवला. "तीन महिन्यांत एकोणसाठ ऑर्डरी दहानंतर. बाकी कुठलीच शाखा तिशीच्या वर नाही."

"अडतंय सगळीकडेच, मॅडम."

"अडतंय सगळीकडे, पण बुडतंय तिथंच. तिथल्या ताईंना सव्वीस वर्षं झाली. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पण हा नवा प्रोग्रॅम त्यांच्या हाताला बसत नाही, असं दिसतंय. एक तारखेपासून त्यांना इथं गोदामात घ्यावं, असं चाललंय माझ्या डोक्यात. फ्रेमांचा साठा बघतील. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, बसून काम होईल."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाल्या, डोळ्यांत बघायचं सोडून खोकी मोजायला बसवणार असाल, तर आजच घरी पाठवा." मॅडमनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. "मला त्यांना दुखवायचं नाहीये हो. पण गिऱ्हाईक दोन-दोन दिवस चष्म्याशिवाय चाचपडतंय, त्याचं काय? शुक्रवारपर्यंत मला तुमच्याकडून लेखी पाहिजे. अडचण लाइनीची, की माणसाची? लाइनीची असेल तर लाइन बदलू. माणसाची असेल तर माणूस."

मास्तर तक्ता घेऊन आपल्या खोलीत आला. शाखांमधून त्याच्याकडे रोज पंधरा-वीस तक्रारी येत. त्या घेणारी त्याची सहकारी, जिला सगळे फोनबाई म्हणत, तिला त्याने विचारले, "पुलापलीकडून काय म्हणतात?"

"काहीच नाही. तिकडून फोनच येत नाही."

हे त्यालाही माहीत होते. फोन येत नाही म्हणजे तिथे फारसे अडत नसावे, असा सोयीचा अर्थ त्याने इतके दिवस लावला होता.

मंगळवारी सकाळी नऊपासून तो पडद्यासमोर बसून राहिला. मुख्य कचेरीतून शाखांकडे जाणारी लाइन नऊला भरू लागली, नऊ दहाला काठोकाठ भरली आणि दहानंतर ओसरली. ती कोण भरते आहे, याची यादी शेजारच्या रकान्यात होती. त्याने यादीतले आकडे जोडले. बेरीज लाइनीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही होईना. त्याने पुन्हा जोडले. उरलेले दोन हिस्से कुणाचे, ते यादी सांगत नव्हती. लाइनीचा भार मोजणारे मीटरच बिघडले असावे, असे त्याला क्षणभर वाटले. मग मीटर बिघडले असे वाटणाऱ्यांबद्दल आपण स्वतः काय म्हणतो ते आठवून त्याने तो विचार सोडला. बुधवारी प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायचे, असे त्याने ठरवले. खरे तर हे अडीच महिन्यांपूर्वीच ठरवायला हवे होते.

पुलापलीकडची शाखा किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि छत्र्या विकणाऱ्याच्या दुकानांमध्ये होती. मास्तर आठ पस्तीसला पोचला. आठ चाळीसला ताई आल्या: ठेंगण्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, खिशातून काच पुसायच्या फडक्याचे टोक डोकावणारे. मागोमाग फ्रेमा बसवणारा फिटर आला. तो तिशीचा, किडकिडीत आणि तोंडाळ होता.

"तुम्हीच का तारमास्तर?" ताईंनी कुलूप काढता काढता विचारले. "मला वाटलं होतं, कुणी जाडजूड असतील."

"का बरं?"

"एवढी सगळी लाइन अडवून बसलेत म्हणजे देह दांडगा असणार."

फिटर मोठ्याने हसला. मास्तरही हसला.

आत गेल्यावर ताईंनी दाराशेजारच्या पेटीतले मुख्य बटण वर केले. एका फटक्यात दिवे लागले, पंखा फिरू लागला, अक्षरांचा तक्ता उजळला आणि सहाच्या सहा संगणक एकदम गुरगुरू लागले. सकाळचे आठ पंचेचाळीस. ताईंनी गल्ल्यावरची धूळ पुसली, नंबर काढायच्या यंत्राच्या हनुवटीच्या पट्टीला नवा कागद लावला आणि आदल्या दिवशीच्या ऑर्डरींचे कागद समोर घेऊन बसल्या. एकेक कागद त्या ओठ हलवत वाचत, बोटाने आकड्यावर टिचकी मारत आणि मगच संगणकातल्या नोंदीशी ताडून बघत.

"ताई, या कालच्याच ना? संध्याकाळी लाइन मोकळी असते. तेव्हाच का पाठवत नाही?"

"मॅडमपण हेच विचारतात." त्यांनी मान वर केली नाही. "दिवसभर चाळीस जणांच्या डोळ्यांत बघितलं की माझ्या डोळ्यांत वाळू होते, मास्तर. त्या डोळ्यांनी नंबरातला एकशेऐंशीचा अक्ष एकशेआठ लिहिला जातो. काच घासून झाली की झाली, ती परत भरून येत नाही. म्हणून लिहायचं संध्याकाळी आणि पाठवायचं सकाळी, ताज्या डोळ्यांनी वाचून. सव्वीस वर्षांत माझ्या चुकीनं परत आलेल्या काचा किती, विचारा तुमच्या फोरमनला."

"किती?"

"नऊ. त्यातल्या दोन त्याच्या आहेत, पण कबूल करत नाही मेला."

नऊ वाजता एक बसचालक आत आला. त्याच्या चष्म्याची उजवी काच तडकली होती आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. "ताई, माझी ऑर्डर गेली का? शुक्रवारी दुपारपासून ड्यूटी आहे. असा गेलो तर गाडीवर बसवणार नाहीत, चौकशीच्या खिडकीत बसवतील. आणि तिथं बसून लोकांच्या शिव्या खाण्यापेक्षा..."

"बसा. आज नाही तर उद्या, दहाच्या आत जाईल."

"कालपण हेच म्हणालात."

ताईंनी ऑर्डर उघडली आणि पाठवायचे बटण दाबले. पडद्यावर एक गोल फिरू लागला, फिरतच राहिला. दोन मिनिटे झाली, पाच झाली. मास्तर त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. मग त्याचे लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेले. तिथे नखाएवढे दुसरे एक चक्र फिरत होते. त्याने शेजारच्या संगणकाकडे पाहिले. तिथेही तेच. सहाही पडद्यांवर तेच.

"ताई, हे खाली काय फिरतंय?"

"ते होय? ते रोज फिरतं. मला वाटलं, उठल्या उठल्या त्याला आळोखेपिळोखे द्यायला लागतात."

मास्तरने त्यावर टिचकी मारली. नव्या प्रोग्रॅमचे अपडेट उतरत होते: चार टक्के.

एवढ्यात ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वानऊ झाले होते. त्या उठल्या आणि कुणाला काही न विचारता एकेक करून सहाही संगणक बंद करू लागल्या.

"अहो, हे काय करताय?"

"बंद करून परत चालू. पहिल्या आठवड्यात फोन केला होता, तेव्हा तुमच्याकडच्या बाईंनी सांगितलं. अडलं की बंद करा, परत चालू करा. तेव्हापासून करतोय. म्हणून तर परत फोन केला नाही. तुम्ही आणखी वेगळं काय सांगणार?"

"सव्वानऊला एकदा, साडेनऊला एकदा," फिटर म्हणाला. "गोळ्या घेतल्यासारखं. ताईंचा एक डोस चुकत नाही."

संगणक पुन्हा चालू झाले. मास्तरने खाली पाहिले. चारावर पोचलेले अपडेट शून्यावर आले होते आणि पुन्हा पहिल्यापासून उतरू लागले होते. तो शेजारच्या स्टुलावर बसला.

"मास्तर, पाणी देऊ?" फिटरने विचारले.

"ही अपडेटं रात्री दोन वाजता उतरायला हवीत," तो हळूच म्हणाला. "मीच तशी वेळ लावली आहे. सगळ्या शाखांना, रात्री दोन."

ताई हसल्या. "रात्री दोनला? रात्री दोनला इथं उंदीरसुद्धा नसतो हो, वीज कुठली?" त्यांनी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली वही काढून त्याच्या हातात दिली. दोन वर्षांपूर्वी एका शाखेत वायर जळाली होती आणि कचेरीने परिपत्रक काढले होते: कुलूप लावण्याआधी मुख्य बटण बंद करावे आणि वहीत सही करावी. मास्तरने पाने चाळली. सहाशेच्या वर सह्या होत्या, एकही दिवस गाळलेला नव्हता. हे परिपत्रक त्यालाही मिळाले होते. ते विजेबद्दल होते, म्हणून त्याने वाचून बाजूला ठेवले होते.

मग बाकीचे धागे सुटायला वेळ लागला नाही. रात्रीची योजना त्याने मुख्य कचेरीत महिनाभर तपासून पाहिली होती, पण मुख्य कचेरीतले संगणक कधीच बंद होत नसत. शाखांतले संगणक रात्रभर विजेविना पडून राहत आणि रात्री चुकलेले अपडेट सकाळी जाग आल्याबरोबर मागायला लागत. एकोणीस शाखांतले शंभराहून जास्त संगणक, एकाच लाइनीवरून, एकाच तासात. आणि हे अपडेट ज्या यंत्रातून जाई ते त्याच्याच खोलीतले होते. यादीतून ते यंत्र त्याने स्वतःच वगळले होते, घरच्या माणसाची झडती कशाला घ्यायची म्हणून. हरवलेले दोन हिस्से घरातच होते.

मग इथेच जास्त का? उत्तर हातातल्या वहीत होते. इतर शाखांत माणसे एकेक करून येत, चहा घेत, सवडीने आपापला संगणक लावत. काही ठिकाणी तर बटण बंद करायचेच राहून जाई आणि महिन्याच्या सह्या एका दिवसात होत, हे त्याने स्वतः पाहिलेले होते. ज्यांनी सूचना मोडली त्यांना अपडेट रात्रीच मिळाले होते. इथे दोन्ही सूचना तंतोतंत पाळल्या जात होत्या, परिपत्रकाची आणि फोनवरची. म्हणून सहाही संगणक एकदम उठत, एकदम मागत, आणि हातात काही पडायच्या आत पुन्हा बंद होऊन पहिल्यापासून मागत.

"ताई, आता बंद करू नका."

"मग काय करू?"

"काही नाही. बसा."

"ताईंना बसा म्हणणारा हा पहिलाच माणूस," फिटर बसचालकाला म्हणाला.

मास्तरने फोनबाईला फोन करून सगळ्या शाखांचे अपडेट थांबवायला सांगितले. ते करायचे कसे हे तिला समजावण्यात वेळ गेला. बसचालकाची ऑर्डर दहा वाजून चार मिनिटांनी पोचली. मास्तरने फोरमनला फोन लावला.

"चारच मिनिटं, फोरमनसाहेब. चूक आमची आहे."

"कुणाची का असेना. दहा म्हणजे दहा. चार मिनिटं धरली तर उद्या चौदा होतील." फोरमनने फोन ठेवला.

"उद्या," ताई बसचालकाला म्हणाल्या. बसचालकाने चिकटपट्टी दाबून पाहिली आणि मास्तरकडे बघत म्हणाला, "हे साहेब उद्या पण येणार आहेत का? नाही, आले नाहीत तरी चालेल."

बुधवारची दुपार मास्तर आणि फोनबाई यांनी खोलीचे दार लावून घालवली. रात्र सोडून द्यायची, हे पहिले ठरले. बटण बंद होणार आणि ते व्हायलाच हवे. दुपारी दोन ते चार शाखा रिकाम्या असत, म्हणून अपडेट तेव्हा. तेही सगळ्यांनी एकदम मागायचे नाही, रोज चार शाखांची पाळी. प्रत्येक शाखेत एकच संगणक कचेरीकडून अपडेट आणेल आणि बाकीचे त्याच्याकडून घेतील. नऊ ते दहा या वेळात मात्र लाइनीवर ऑर्डरींशिवाय कशालाच वाट नाही. साडेपाचला शेवटची शाखा लावून झाली. फोनबाई पाठ टेकवून म्हणाली, "आणि 'बंद करून चालू करा' याचं काय?"

"ते आजपासून म्हणायचं नाही."

"मग मी फोनवर बोलू काय दिवसभर?"

"काय झालंय ते विचारायचं."

"बाप रे," ती म्हणाली.

गुरुवारी नऊ वाजता दोघे पडद्यासमोर उभे राहिले. लाइन जेमतेम पाव भरली. नऊ सातला पुलापलीकडून ऑर्डरी येऊ लागल्या: एक, दोन, पाच, अकरा. नऊ अठराला फोरमनचा फोन आला. "मास्तर, पुलापलीकडं कुणी नवीन माणूस ठेवलं का?"

"नाही. त्याच आहेत."

"मग मला दहापर्यंत बसून राहायची सवय मोडावी लागणार." आवाजावरून तो खूश होता.

दुपारी मास्तर मॅडमकडे गेला आणि त्याने आजचे आकडे दाखवले. मॅडमनी ते दोनदा वाचले.

"छान झालं. म्हणजे लाइन बदलायला नको. पण ताईंचं मी जे ठरवलंय ते बदलत नाही, मास्तर. आज जमलं, उद्या आणखी नवीन काही आलं की पुन्हा तेच. बाकीच्या अठरा शाखा याच लाइनीवर होत्या ना? त्या राहिल्या की तिशीच्या आत. बदलीचा कागद मालकांकडे जातोय, त्याला हा तीन महिन्यांचा तक्ता जोडलाय. तुमची ओळ तेवढी उद्या द्या."

तो काही बोलायला गेला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो बाहेर आला. तोंडी बोलणे सोपे गेले असते, असे त्याला वाटले; पण मॅडमना कागद हवा होता, आणि तेच बरोबर होते.

संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना त्याने बायकोला सगळे सांगितले. वार्षिक सभेत त्याच्या रात्रीच्या योजनेचे कौतुक झाले होते. एकोणीस शाखांच्या प्रमुखांसमोर मालकांनी त्याला प्रशस्तिपत्र दिले होते. "कुणाच्याही कामात व्यत्यय न येता" हे त्यातले शब्द त्याने स्वतःच लिहून दिले होते.

"आणि त्या ताई तेव्हा समोर होत्या?" बायकोने विचारले.

"टाळ्या वाजवत होत्या."

ती हसली. "अहो, 'तांत्रिक अडचण होती, दूर केली' असं लिहिलंत तर?"

"तर ते खोटं होणार नाही. पण तीच शाखा मागं का पडली, त्याचं उत्तर त्यात नाही. उत्तर नसलं की तक्ता बोलणार, आणि तक्त्यावर नाव ताईंचं आहे."

"आणि तुमचं नाव लिहिलंत तर काय होईल?"

त्याने विचार केला. "नोकरी नाही जाणार. पगारवाढ कदाचित लांबेल. लाज वाटेल थोडे दिवस. जाहिरातवाल्या दोघींची तर माफीच मागावी लागेल."

"गाण्यांची ना? ती मागाच," बायको म्हणाली. "आणि मोजे जोडीनं ठेवा हो, चौघांचे एकत्र कोंबू नका."

शुक्रवारी तो नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर कचेरीत पोचला. खोलीत कुणी नव्हते. त्याने एक पान लिहिले. पहिल्या वाक्यात, सकाळचा उशीर लाइनीमुळे झाला नाही आणि शाखेतल्या कुणा माणसामुळेही झाला नाही, असे लिहिले. दुसऱ्यात, तो त्याने स्वतः लावलेल्या अपडेटच्या वेळेमुळे झाला, कारण शाखा रात्री वीज बंद करतात हे त्याने विचारात घेतले नव्हते. पुढे त्याने सूचनांची गोष्ट लिहिली, वहीतल्या सह्यांसकट: पुलापलीकडच्या शाखेने कचेरीच्या दोन्ही सूचना इतर कुठल्याही शाखेपेक्षा काटेकोरपणे पाळल्या आणि म्हणूनच तिला सर्वांत जास्त उशीर झाला. "मी" हा शब्द त्याने दोनदा खोडून "या विभागाने" असा केला, आणि दोन्ही वेळा पुन्हा "मी" लिहिला. फोरमनला फोन करून सव्वीस वर्षांतल्या परत आलेल्या काचांचा आकडा विचारला. "सात," फोरमन म्हणाला, आणि थोडे थांबून, "बरं, नऊ लिहा. पण दोन माझ्या आहेत, ते तिला सांगू नका." मास्तरने सात लिहिले. मग दोन प्रती छापून दोन्हींवर सही केली.

मॅडमनी पान उभ्यानेच वाचले, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचले.

"हे असंच लिहायला पाहिजे का? 'तांत्रिक कारण' म्हटलं तरी मी समजून घेईन."

"तुम्ही समजून घ्याल, मॅडम. तुमच्यानंतर जो कुणी फाइल उघडेल, त्याला तक्ताच दिसेल."

मॅडमनी पान टेबलावर ठेवले. "संध्याकाळच्या ऑर्डरी सकाळी पाठवतात, त्यावरून मी त्यांना बरंच बोलले आहे."

"सात काचा, सव्वीस वर्षांत."

"वाचलं ते." त्यांनी मालकांकडे जाणाऱ्या कागदांतून बदलीचा कागद काढला, मधोमध फाडला, आणि मास्तरचे पान त्या जागी ठेवले. "मालक विचारतील तुम्हाला."

"विचारू देत."

"फाइलीला लावायची प्रत आणलीत?"

"आणलीय."

खालच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या फाइली सांभाळणारा कारकून डबा उघडून बसला होता. मास्तरने पुलापलीकडच्या ताईंची फाइल मागितली. कारकुनाने हात पुसले, कपाटातून फाइल काढली, वरच लावलेला तीन महिन्यांचा तक्ता पाहिला आणि म्हणाला, "हा काढायचा का?"

"नको, राहू दे. हे त्याच्या वर लावा."

कारकुनाने पानाला दोन भोके पाडली, दोरी सोडवली, पान ओवले आणि गाठ मारली. मास्तर गाठ बसेपर्यंत उभा राहिला. मग कारकुनाच्या नोंदवहीत तारीख घालून त्याने सही केली आणि जिना चढून जाहिरात विभागाकडे गेला.